काळी पानं

लख्ख ऊन होतं, म्हणून विदाद दोन दिवस थांबली होती. तिसऱ्या दुपारी समुद्राकडून ढग चढले, तेव्हा तिनं तान्ह्या रीमाला वरच्या बागेतल्या ऑलिव्हच्या बुंध्याशी गोधडीवर ठेवलं आणि तिवईवर कॅमेरा चढवला.

दगडी बांधापलीकडून शेजारची उम्म तनूस ओरडली, "अगं, काल ऊन होतं तेव्हा कुठं होतीस? या अंधारात काय भुतांचे फोटो काढतेस?"

"बाळ झोपत नव्हतं, मावशी."

"काढ बाई. उद्या तुमच्या बापाच्या दोन्ही बागांची वाटणी. थोरला आधी निवडणार, आणि तुझा भाऊ गत्तास काही सोडणाऱ्यातला नाही."

विदादनं रीमाच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहिला.

इन्फ्रारेड फिल्मवर निरोगी पान बर्फासारखं पांढरं उमटतं. रोगट पान काळं येतं, डोळ्यांना हिरवंगार दिसत असलं तरी. विदाद शेतकी कॉलेजात हे शिकली होती. गेल्या वर्षी तिच्या फोटोत गावातल्या हन्नाची बाग काळी आली आणि चार महिन्यांत वाळली. तेव्हापासून सारं गाव तिच्या फोटोंना मानायचं. एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. ढगाळ हवेत फिल्मला प्रकाश घ्यायला उन्हाइतकाच वेळ दिला, तर धडधाकट पानंही काळी येतात.

तिनं उन्हाइतकाच वेळ दिला.

खालच्या बागेचा फोटो तिनं मागच्या आठवड्यात भर उन्हात काढला होता. तो काळाच आला होता. मर रोग मुळांत शिरला होता. तो फोटो रीमाच्या दुपट्यांखाली दडवलेला होता. आफ्रिकेला गेलेल्या नवऱ्याचं आठ महिन्यांत पत्र नव्हतं. वरची बाग हातची गेली, तर लेकीच्या तोंडात काय घालायचं?

सकाळी गावचा कारभारी मुख्तार वाटणीचा कागद घेऊन आला. गत्तासनं कॉफीचा पेला ठेवून रात्री धुऊन काढलेला फोटो उचलला.

"ही वरची?"

"वरचीच. ती बघ आपली झोपडी."

"आणि खालची?"

"फिल्म संपली. पण ती दिसतेच की, हिरवीगार."

"बाबा म्हणायचे, पोरीला शिकवून काय लोणचं घालायचंय? आलं ना शेवटी कामी!" तो हसला. मग फोटोतल्या काळ्या पानांवर त्याची नजर थांबली.

"निवड बाबा," मुख्तार म्हणाला.



गत्तासनं रीमाच्या गालाला बोट लावलं. "वरची माझ्या नावावर लिहा. मरणारी झाडं काय लेकुरवाळीच्या पदरात टाकू?"