हनुवटीची जागा

"पहिल्यांदाच ना, ताई? मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स," कपिंगवाल्या बाई म्हणाल्या.

ती टेबलावर पालथी पडली होती. उशाशी मोठी जाऊ बसली होती. स्वतःच्या गुडघ्यापासून शेजारणीच्या दम्यापर्यंत सगळ्याला कपिंग, म्हणजे कप लावून रक्त ओढून काढणं, हाच उतारा सांगणाऱ्या जाऊबाईंनी तिला आज जवळजवळ ओढतच आणलं होतं.

"नेमकं कुठं दुखतं?"

"डावा खांदा, मागून," उत्तर जाऊबाईंनीच दिलं. "एकोणीस वर्षं लेकाला उचललंय हिने. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत. पोर कधी चाललंच नाही. दोन महिने झाले त्याला जाऊन, पण हिचा खांदा काही दुखायचा थांबत नाही."

तिने डोळे मिटले. खांद्यातली नेमकी जागा जाऊबाईंना काय ठाऊक! उचललं की त्याची हनुवटी तिथेच रुतायची. "हनुवटी काढ रे, टोचते मेली," ती रोज करवादायची आणि तो हसत हसत आणखी रुतवायचा.

आजूबाजूला दोन कप बसले आणि एक नेमका त्याच जागेवर. चिमटीत धरून उचलावी तशी कातडी वर ओढली गेली. मग कप काढून बाईंनी पात्याने बारीक चरे पाडले. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. कप पुन्हा बसला, आधीपेक्षा घट्ट, आणि आत कोमट काहीतरी पाझरू लागलं. ती एकदम धडपडली.

"बाई, तो एक कप काढा. तेवढी जागा राहू द्या."

"अगं, घाबरतेस काय एवढी?" जाऊबाईंनी तिचा हात दाबून धरला. "झालंच आता."

कपात काळपट रक्त साकळलं. बाईंनी ते पुसलं, तेल लावलं, वर कापूस चिकटवला.

ती उठून बसली. खांदा वर केला, खाली केला, फिरवला. मग उजव्या हाताने कापसावरून ती जागा दाबली. आणखी जोरात दाबली. चरे झोंबले, पण आतली ती ठसठस कुठेच नव्हती.

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" जाऊबाईंचा चेहरा खुलला.

"बाई," ती जागा दाबतच तिने विचारलं. "दुखणं परत येईल ना?"

पहिल्यांदा आलेलं प्रत्येक माणूस हेच विचारायचं. हातमोजे उतरवत बाई तोंडभर हसल्या.

"छे हो, ताई! आता नाही यायचं परत."