दुसऱ्याचा दमा

"पूर्ण गोळी?" कुसुमावतीबाईंनी विचारलं. "ती लहान आहे हो, डॉक्टर."

"पूर्णच," वादिराज डॉक्टर म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानावर, माडीवर त्यांचा दवाखाना. जिना चढून आलेल्या बाई अजून धापा टाकत होत्या. बाई मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायच्या. त्यांचं म्हणणं, वर्गातल्या एका बारा वर्षांच्या मुलीला दमा आहे आणि महिन्याभरात धारवाडला शाळांच्या शर्यती आहेत. पोरगी पळते झकास, पण निम्म्या मैदानात तिची छाती भरून येते.

"मग तिलाच घेऊन या की."

"कशी आणू? दमेकरी म्हणून एकदा नाव पडलं की शाळा तिला पळू देणार नाही. आणि उद्या लग्नाला कोण उभं राहील?"

डॉक्टरांनी मान डोलावली. वीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पुरती कळून चुकली होती. चारचौघांत सांगायला नको असा आजार कधी सांगणाऱ्याला होतच नाही. खोकला मेव्हण्याचा असतो, खरूज शेजाऱ्याची. ही तर विधवा बाई, घरी म्हातारी आई. ड्रिलच्या बाईंनाच दमा आहे असं कळलं तर नोकरी राहील का? डॉक्टरांना बाईंची कीव आली. झाकली मूठ झाकलीच राहू द्यावी, झालं.

म्हणून त्यांनी समोरच्या बाईंकडे नीट बघून, त्यांच्या वजनाला पुरेल असं औषध लिहिलं.

"दिवसातून तीन. त्यातली एक पळण्याआधी. आधी चालायचं, मग हळू पळायचं, मग जोरात. छाती वाजायला लागली की थांबायचं आणि कडक कॉफी घ्यायची."

बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. स्वतःचंच औषध किती नेटानं लिहून घेतेय, असं वाटून डॉक्टरांना हसू आवरेना.

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या.

"दम आता लागत नाही. पण रात्री झोप नाही म्हणते. हात कापतात, छाती धडधडते." बाईंचेही डोळे तांबारलेले होते.

"सवय होईल," डॉक्टर डोळे मिचकावून म्हणाले. "गोळी सोडायची नाही म्हणावं तिला."

शर्यतींच्या दुसऱ्या दिवशी बाई धापा टाकत वर आल्या. हातात चकचकीत पेला होता.

"पहिली आली, डॉक्टर!"

डॉक्टरांनी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला. "फार छान. पण आता हे नाटक पुरे, बाई. बसा. तुमची छाती बघू द्या."

"माझी? मला काय धाड भरलीय? तुमचा जिना चढला की कुणालाही धाप लागेल." बाई दाराकडे वळल्या. "मथुरा, ये गं आत. घाबरू नको. हिच्या अप्पांना सांगूनच आणलंय, डॉक्टर. हात काही कापायचे थांबेनात."

एक काटकुळी पोर चौकटीला धरून आत आली. दुसऱ्या मुठीत तिनं परकर गच्च आवळला होता, तरी मूठ लटलटत होती.

"फार गुणी आहे हो," बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "तुम्ही सांगितलेली एकसुद्धा गोळी चुकवली नाही तिनं."