उजवा गिअरबॉक्स

भावाभावांचं नातं कुठल्याही यंत्राहून टिकाऊ असतं, असं दादा नेहमी म्हणायचा. विशेषतः बोट धुवायची पाळी त्याची असली की.

बाबांनी हौसेच्या मासेमारीसाठी घेतलेली ती बोट आम्हा दोघांत सामाईक. दोन इंजिनं, दोन गिअरबॉक्स. त्यातल्या उजव्याचा रिव्हर्स लागेनासा झाला, तेव्हापासून धक्क्याला लावताना ती स्वतःभोवतीच गिरकी घ्यायची आणि शेजारचे बोटवाले हातातला चहा विसरून बघत राहायचे. ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलेलं. म्हणजे कुणाची तरी तशीच बोट मोडीत निघायची वाट बघणं, एवढाच उपाय.

"तू गिअरबॉक्स हुडक," दादा म्हणाला. "तोवर मी हिला रंगवून आणतो. बाबांची आठवण आहे रे, नव्यासारखी दिसली पाहिजे."

तो बोट घेऊन गेला. मी दिसेल त्या भंगारवाल्याला फोन करत सुटलो. शेवटी एकाचा उलटा फोन आला.

"साहेब, नशीब काढलंत! तुमच्याच मॉडेलची बोट कालच मोडायला आलीय. गिअरबॉक्सची अख्खी जोडी आहे."

मी आधी दादाला कळवलं. त्याने आधी भंगारवाल्याचं नाव विचारलं. मग म्हणाला, "भंगारातलं कशाला घेतोस? दुसरीकडे बघ की."

दादाला पहिल्यापासून सगळं नवंकोरंच लागतं. मी हसलो आणि भंगारवाल्याला पुन्हा फोन लावला. "जोडी चालू आहे ना?"



"डावा ठणठणीत आहे, साहेब. उजव्याचा रिव्हर्स तेवढा लागत नाही."