आडवी शिंक

निलेशनं बूट चढवले, हेल्मेट उचललं आणि पडवीची पायरी उतरायला पाय उचलला, तोच खाटेवरून आबा शिंकले.

"बस जरा," आबा म्हणाले. "शिंक आडवी आली."

निलेशनं पाय मागे घेतला. तो खाटेच्या कडेला वडिलांशेजारी बसला. प्रेरणानं आतून पाण्याचा तांब्या आणला आणि दोघांच्या मध्ये जरा जोरातच टेकवला.

"रोपं कशी हायेत?" निलेशनं विचारलं.

"बरी हायेत. पल्याडच्या खाचरात पाणी हटंना."

"बांध फोडायचा मग वाईच."

"बगू."

एवढं बोलायला दोघांनी इतका वेळ घेतला की प्रेरणाचा जीव टांगणीला लागला. कुरवंड्याहून गाडीनं लोणावळ्यात जायचं, तिथं तळेगावच्या कारखान्याची बस पकडायची. बस चुकली तर महामार्गानं गाडी दामटत जायचं आणि वर लेट मार्क. या महिन्यात तसं बऱ्याचदा झालं होतं. कामगारांपैकी कायम कोणाला करायचं ते आता ठरणार होतं, आणि वेळ न पाळणारा बाहेर राहील, असं सुपरवायझरनं निलेशला स्पष्टच बजावलं होतं.

प्रेरणा तळेगावची. लोणावळ्यात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ती काम करायची. लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण या शिंकेची सवय तिला होईना. निलेश गेल्यावर ती आबांना म्हणाली, "आबा, शिंकेनं कधी कुणाचं वाईट होतं का?"

"तू बी कुलूप लावलं की दोनदा वढून बगतीस."

"ती माझी सवय आहे. कुलूप नीट बसलं का ते कळतं. शिंकेनं काय कळतं?"

"आन एखाद्या दिशी न्हाई वढलं तर?"

"काही होत नाही. दिवसभर चुकल्यासारखं वाटतं, एवढंच."

"चुकल्यासारकं वाटतं," आबा सावकाश म्हणाले, आणि गोठ्याकडे बघत राहिले.

तिला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. आबा अमावास्येला खुशाल नवं काम काढायचे. मांजर आडवं गेलं तर त्यालाच शिव्या घालून पुढे जायचे. निलेशही वाटेतल्या उताऱ्याच्या लिंबावरून बेलाशक गाडी घालायचा. शिंकेपुढे मात्र दोघांची मान खाली. बरं, ती शिंकही निलेश निघतानाच यायची. प्रेरणा निघताना एकदाही नाही. रविवारी तर नाहीच.

तिला वाटलं, सकाळच्या गार वाऱ्यानं होत असेल. तिनं डॉक्टरांना विचारून ॲलर्जीच्या गोळ्या आणल्या. आबांनी त्या तक्रार न करता घेतल्या आणि रोज शिंकत राहिले. मग तिनं डबा लवकर भरायला सुरुवात केली, म्हणजे बसून पाणी पिऊनही निलेश वेळेवर पोहोचावा. पण तो लवकर तयार झाला की लवकर शिंक यायची, आणि वाचलेला वेळ बापलेक खाटेवर बसून घालवायचे.

एका दुपारी शेजारच्या शकुबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. "तुजं लगीन व्हायच्या आदी डोंगराकडची जमीन बंगलेवाल्याला द्यायचं निगालं व्हतं. निलेशला द्यायची व्हती. आबांनी सही दिली न्हाई. लय वाजलं दोगांत. तवापासून एका पंगतीला जेवत न्हाईत, बग."

ते खरंच होतं. रात्री आबा आधी जेवून घ्यायचे, निलेश मागाहून. निलेश घरात असला की आबा पडवीत. प्रेरणाला आजवर वाटत होतं, घरची रीतच असेल.

त्याच संध्याकाळी खाटेवरची घोंगडी झाडताना त्यातून एक लहानशी पत्र्याची डबी खाली पडली. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि लागोपाठ शिंकत सुटली. तपकीर!

तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे शिंक आपसूक येत नव्हती, आणली जात होती. जमिनीचा राग म्हातारा असा काढत होता तर! पोराची नोकरी घालवायची, म्हणजे पुन्हा मुकाट शेतीला जुंपता येईल. निलेश आल्यावर लगेच सांगावं असं तिला वाटलं. मग वाटलं, नको. उद्या त्याला डोळ्यांनीच दिसू दे. तिनं डबी पदराखाली लपवून घरात नेली आणि डाळीच्या डब्यात खुपसली.

सकाळी निलेश निघाला तेव्हा ती हाताची घडी घालून दारात उभी राहिली.

आबांनी उशाखाली हात घातला. घोंगडीची घडी उलगडली, वाकून खाटेखाली पाहिलं. प्रेरणाकडे एकदा ओझरतं पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. एवढा मोठा माणूस तिला एकाएकी फार लहान दिसला. पण तिनं मन घट्ट केलं.

निलेश पायरीवर उभा होता. त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. हेल्मेटची काच शर्टाला पुसली. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी लोणावळ्याकडे निघून गेली.

"अहो, निघा की," प्रेरणा म्हणाली. "आज कुणी शिंकलेलं नाही."

निलेश पायरी चढून परत वर आला. हेल्मेट बाजूला ठेवून वडिलांशेजारी बसला.

"संपली व्हय, आबा?" तो म्हणाला. "मागल्या बाजाराला तर कामशेतवरनं आणून दिलीवती मी."