गिटारची ओळ

बल्गेरियातल्या रूसे शहराच्या सभागृहात तालीम थांबवून वाद्यवृंदाचे संचालक चावदारांनी गिटारवाल्या कालिनाला अ‍ॅम्प्लिफायर बंद करायला लावला. "ही सिम्फनी आहे बाई, लग्नाची वरात नाही. तुझी ओळ चेलोवाले वाजवतील." वादक हसले. मागच्या खुर्चीवरून संगीतकार ज्लातिनाबाई उठल्या. याच इलेक्ट्रिक गिटारपायी कम्युनिस्ट पक्षाच्या साहेबांनी त्यांची सिम्फनी वीस वर्षं अडवली होती. राजवट पडली म्हणून रविवारी ती पहिल्यांदा वाजणार होती. "त्यांनी निदान सगळीच बंद ठेवली," त्या म्हणाल्या, "तुम्ही जीभ कापून गायला लावताय." मंचावर जाऊन त्या एकेका वादकापुढची पानं उचलू लागल्या. चावदार घाबरले. "बाई, तिकिटं खपलीत. बरं, वाजवू दे तिला, पण हळू." "मी हळू लिहिलेलं नाही," म्हणत बाईंनी चावदारांपुढची प्रतही ओढून घेतली. रविवारी कालिनानं बाईंच्या स्वयंपाकघरात ती ओळ वाजवली. शेजाऱ्यांनी भिंत बडवली.