नकली पर्स धरलेला हात

पर्सवरची शिलाई वाकडी दिसताच सोपानने ‘काढून टाका’ दाबलं. बड्या कंपन्यांच्या नावावर ऑनलाइन खपवला जाणारा नकली माल हुडकणं हीच त्याची नोकरी. दिवसाला पाचशे फोटो, बोट आपोआप चालायचं. फोटो पुसला जाता जाता त्यातला पर्स धरलेला हात त्याला दिसला. करंगळीला वरचं पेर नव्हतं.

लहानपणी कडबाकुट्टीत दादा वैरण सारत होता, चाक सोपान फिरवत होता; पात्याखाली दादाच्या करंगळीचं पेर गेलं होतं. तोच दादा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच.

“साहेब, हा विकणारा कुठला होता?”

“नाव-पत्ता सगळं खोटंच देतात रे. खातंही उडालं आता. पुढचं बघ.”

पुढचा फोटो उघडला. शिलाईकडे न बघता सोपानने आधी हात बघितला. पाचही बोटं शाबूत होती.