दुसऱ्याचा हात

सायकलीचा आवाज येत नव्हता.

मिस्त्री ओट्यावर बसून कान टवकारून ऐकत राहिले. बायको फाटकातून आत आली, उतरली, सायकल भिंतीला टेकवली. काल हीच सायकल पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘कट्’ करत होती. आज एकदम मुकी.

“आवाज कुठं गेला?” त्यांनी विचारलं.

“गेला. बरंच झालं की.” बायको पिशवी घेऊन आत गेली. ती परिचारिका होती. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. दिवसभर सायकलवर.

उभा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला ‘गेला’ एवढं उत्तर पुरत नाही. ती स्वयंपाकघराकडे वळताच मिस्त्री सायकलीपाशी उकिडवे बसले. पायडलचा दांडा जागेवर धरून ठेवणारी कॉटर नवी होती. कानशीने इतकी नेमकी घासलेली, की बोटात अंगठी बसावी तशी दांड्यात बसली होती. ग्रीस ताजं, जास्तीचं पुसून घेतलेलं.

हे काम त्यांनी केलेलं नव्हतं. उद्या करतो म्हणाले होते.

बायकोच्या आग्रहाखातर त्यांनी दुकान बंद केलं होतं. का, ते त्यांना कधी नीट कळलं नव्हतं. पण घरची सायकल? तिला दुसऱ्या कुणाचा हात लागावा?

ते परत ओट्यावर जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात नवा आवाज निघाला, कुरकुर. मिस्त्रींनी सायकल स्वतः गल्लीत चालवून पाहिली. बसून चालवली की कुरकुर, पायडलवर उभं राहिलं की शांत. म्हणजे दोष सीटमध्ये.

“उद्या बघतो,” ते म्हणाले.

“बघा की सावकाश,” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुरकुर बंद. सीटच्या स्प्रिंगांत तेल, नटाखाली नवी वायसर. मिस्त्री बोटाने तो नट चाचपत राहिले. आवळायचा तेवढाच आवळलेला, ना कमी ना जास्त. असला हात सहज कुणाला नसतो. आपल्याच हाताखाली शिकून गेलेला कुणी असणार. आपलंच शिकून आपल्याच घरात शिरला!

पुलापलीकडच्या नव्या सायकलवाल्यावर त्यांचा पहिला संशय. तरणाबांड, केस वळवलेले, गोड बोलणारा. मिस्त्री तडक त्याच्या दुकानात गेले.

“काकू? आमच्याकडे कधीच आल्या नाहीत,” तो म्हणाला. “बसा ना काका, चहा सांगतो.”

मिस्त्री बसले नाहीत. समोर एक सायकल उलटी ठेवलेली होती. तिच्या कॉटरवर हातोडीचे घाव होते, ग्रीस बरबटलेलं. हा तो नव्हे. मिस्त्रींना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट संशय वाढला. मग कोण?

त्या संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या बायकोपुढे ते जाऊन उभे राहिले.

“हात चांगला आहे त्याचा.”

तिने वर पाहिलं. “आहेच,” ती म्हणाली.

“माझ्यापेक्षा?”

“तुमच्याइतकाच.”

“आवडतो तुला?”

“फार,” बायको म्हणाली आणि पुन्हा खाली बघून भाजी निवडू लागली.

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या सहज! ना लाज, ना भीती. ते तसेच चप्पल अडकवून बाहेर पडले आणि समोरच्या शिंप्याकडे गेले. शिंप्याचं मशीन दारातच होतं. मिस्त्रींचं फाटक त्याच्या अगदी नजरेसमोर.

“एक काम कर,” मिस्त्री म्हणाले. “उद्या मी दिवसभर दोस्ताकडे जातोय. ही दुपारी जेवायला घरी येते. तेव्हा कोण सायकलीला हात लावतो, बघून ठेव.”

शिंप्याचा पाय मशीनवर थांबला. “काका, जाऊ द्या ना.”

“म्हणजे तुला ठाऊक आहे!”

“काकूंसारखं माणूस शोधून सापडायचं नाही. मला एवढंच ठाऊक आहे.”

“बघून ठेव,” मिस्त्री पुन्हा म्हणाले.

सकाळी बायको आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने हँडलखालचा मोठा नट सैल केला. ब्रेक दाबला की पुढून ‘खट्’. जाळं टाकून झालं. बायको खटखटत फाटकाबाहेर पडली. पाठोपाठ मिस्त्री पिशवी घेऊन निघाले.

दिवस कसा गेला, ते त्यांना कळलंच नाही.

संध्याकाळी ते ओट्यावर होते, तेव्हा बायको आली. फाटकाशी तिने ब्रेक दाबला. खट् नाही, काही नाही. “दमलात ना? आले हं,” म्हणत ती आत गेली.

मिस्त्री उठले आणि समोर गेले.

“कोण आला होता?”

शिंप्याने कात्री खाली ठेवली. “काका, बसा आधी.”

“नाव सांग.”

“काकू रागावतील मला.”

“नाव!”

शिंप्याने सुस्कारा सोडला, फोन काढला आणि त्यांच्या हातात दिला. दुपारी काढलेलं चित्रण होतं, याच दारातून. मिस्त्रींच्याच अंगणात, मिस्त्रींच्याच पाटावर एक माणूस पाठमोरा बसलेला. बायको पुढचं चाक गुडघ्यांत धरून उभी. माणसाने नट आवळला, ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून पाहिली, कान लावून ऐकलं आणि काहीतरी बोलला. बायको खळखळून हसली. तिला असं हसताना मिस्त्रींनी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग तिने पदराने त्या माणसाच्या कपाळावरचा घाम टिपला.

“याला मी सोडणार नाही,” मिस्त्री म्हणाले.

चित्रणातल्या माणसाने पाना ठेवला आणि वळून रस्त्याकडे पाहिलं.

मिस्त्री स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत होते.

शिंप्याने त्यांच्या हातातून हलकेच फोन काढून घेतला. “मागच्या वेळी दाखवलं तेव्हाही तुम्ही असेच गप्प झालात, काका.”